निळ्या पुठ्ठ्याची वही

बुचॉन
ऑक्टोबरचा पहिला सोमवार

प्रिय मुनहो,

हे अक्षर माझं नाही हे तुला पाकीट फोडतानाच कळलं असेल. मला अक्षर नाहीच. मी बोलते आहे आणि माझी सून मिओक लिहिते आहे, जेवणाच्या टेबलाशी बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून. मी बोलते तसंच ती लिहिते की मधूनमधून मला सभ्य करते, याची काही मला खात्री नाही. म्हणून एक युक्ती काढली आहे. थोडं लिहून झालं की तिच्याकडून दोनदा वाचून घेते. दोन्ही वेळा शब्दाला शब्द सारखा आला तर तो कागदावर आहे. फरक पडला तर बाई मनचं वाचते आहे. आत्तापर्यंत एकदाच सापडली. मी 'म्हातारा बोकड' म्हटलं होतं, तिने 'ज्येष्ठ गायक' केलं होतं. खोडून घेतलंय. खाडाखोड दिसेल तिथे बोकडच वाच.

तुझं आमंत्रण मिळालं. जाड कागद, सोनेरी कड, आत पहिल्या रांगेची दोन तिकिटं. 'प्यो मुनहो, गाण्याची पन्नास वर्षं, निरोपाचा कार्यक्रम' असं वर छापलंय म्हणे. मिओकचे तेव्हापासून पाय जमिनीला लागत नाहीत. तिच्याकडे तुझ्या सगळ्या कॅसेट आहेत, आणि कराओकेच्या खोलीत गेली की तुझंच 'दोन काठ्या' बेंबीच्या देठापासून ओरडते. मी मात्र ते पाकीट दोन दिवस फ्रिजवर ठेवून नुसती बघत होते. वीस वर्षांत तुझा फोन नाही. शेवटचा आलास तो माझ्या नवऱ्याच्या मयताला. काळा चष्मा न काढता वाकलास आणि मयताला आलेल्यांना वाढतात त्या सुपाच्या वाडग्याला हातही न लावता गेलास. आणि आता एकाएकी पहिली रांग. मिओक म्हणाली, "आई, आदरानं बोलावलंय हो त्यांनी." एकोणऐंशी वर्षांच्या बाईला आदराने पहिल्या रांगेत कोणी बसवत नाही. एक तर कॅमेऱ्यासाठी बसवतात, नाहीतर नजरेसमोर असावी म्हणून बसवतात. यातलं तुझं कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी उगाच संशय घेते असं घरात सगळे म्हणतात. घेते. तीस वर्षं मी लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला. डोळे मिटून मान मागे टाकणारा माणूस कोणावर किती भरवसा टाकतो, आणि एक डोळा किलकिला ठेवणारा कोण, हे मला हातालाच कळायचं. तू एक डोळा किलकिला ठेवायचास.

तर मुद्दा असा. गेल्या आठवड्यात मिओकने पेपरातली तुझी मुलाखत वाचून दाखवली. मुलाखत घेणाऱ्या पोरीने तुला विचारलं की जुन्या बँडमधलं कोणी येणार का. बास गिटारवाला तर केव्हाच गेला. उरला फक्त दोकबे, तुझा ड्रमवाला. तू म्हणालास, "चोराबरोबर मी स्टेजवर चढत नाही. पन्नास वर्षं चढलो नाही, शेवटच्या दिवशीही चढणार नाही." आणि शेवट 'दोन काठ्या' गाऊन करणार, असंही म्हणालास. ते वाक्य मी मिओककडून तीनदा वाचून घेतलं. तिन्ही वेळा सारखंच आलं. तुझा कार्यक्रम शनिवारी आहे. सगळा देश एका आवाजात दोकबेला चोर म्हणायच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. म्हणून उद्या सकाळी ते रजिस्टर करणार, आणि पावती मी माझ्याजवळ ठेवणार, कारण टपालखात्यावरही माझा फारसा विश्वास नाही.

आह्यॉनच्या चढावरचं आमचं दुकान आठवतं का रे? तीन खुर्च्या, डावा कोपरा उडालेला आरसा, मध्ये पाणी तापवायची कोळशाची शेगडी. नवरा केस कापायचा, मी दाढ्या करायची आणि डोकी धुवायची. गिऱ्हाइकाच्या छातीवर कागदाचा चौकोनी तुकडा ठेवायचा, वस्तऱ्यावरचा फेस त्यावर पुसायचा, तो भरला की दुसरा ठेवायचा. त्या कागदासाठी रद्दी गठ्ठ्याने यायची. वर्तमानपत्राची शाई कॉलरला लागते म्हणून मी शाळेतल्या जुन्या वह्या मागवून घ्यायची. त्या वर्षांत पोलीस गल्लीच्या तोंडाशी कात्री घेऊन उभे असायचे. ज्याचा कान केसांनी झाकलेला दिसेल त्याला धरायचे, एका बाजूने भादरायचे आणि सोडून द्यायचे. मग ती अर्धी पोरं आमच्याकडे यायची, उरलेली बाजू जुळवून घ्यायला. माझा नवरा म्हणायचा, "सरकार गिऱ्हाईक पाठवतंय, त्यांना चहा तरी पाजायला हवा."

तू आलास तोही टोपी कानापर्यंत ओढून. खुर्चीत बसलास आणि म्हणालास, "ताई, जरा कानावरून घ्या. पण कापल्यासारखं दिसू नये, आणि न कापल्यासारखंही दिसू नये." नवरा म्हणाला, "या डोक्याला न्हावी नको, वकील हवा." तुझ्यामागे तो दोकबे उभा होता, दारात न मावणारा, हसताना आधी सगळ्यांची माफी मागितल्यासारखा बघणारा. त्याची दाढी करणं म्हणजे चालत्या बैलगाडीत सुईत दोरा ओवणं. बोटं सारखी खुर्चीच्या दांड्यावर वाजत असायची. मी म्हणायची, "हात थांबव, नाहीतर कान जाईल." तो तोंडावरच्या फेसातून म्हणायचा, "जाऊ दे ताई, याचं गाणं ऐकायला एकच पुरतो." तेव्हा तुम्ही अमेरिकन सैनिकांच्या छावणीत त्यांचीच गाणी त्यांना म्हणून दाखवायचात, एक शब्द कळत नसताना. आणि आमच्या खुर्चीत, तोंडावर गरम टॉवेल असला की, तू स्वतःची गाणी गुणगुणायचास. टॉवेलखालून गाणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. मला वाटायचं, हा गुदमरतोय की गातोय. नंतर तुझ्या तबकड्या आल्या तेव्हा लोक त्यालाच 'तुझा खास आवाज' म्हणायला लागले.

मग गाणाऱ्यांची धरपकड सुरू झाली. कोणाला गांजावरून, कोणाला गाण्यावरून. तुझ्या एका गाण्याच्या कागदावर तपासणी समितीचा शिक्का पडला: 'समाजात अविश्वास पसरवणारे'. तू तो कागद दुकानात आणून मोठ्याने वाचून दाखवलास आणि पोट धरून हसलास. गाण्यात होतं काय, तर एक बाई नवऱ्याला विचारते, कुठे होतास. एवढंच. आम्ही सगळे हसलो. आता पन्नास वर्षांनी वाटतं, समितीला गाण्यातलं काही कळलं नसेल, पण गाणाऱ्यातलं बरोबर कळलं होतं.

त्या शरदात, तुझ्या ओळखीचे दोघं उचलले गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, तू भर दुपारी दुकानात आलास. नवरा जेवायला गेला होता. कोटाच्या आतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढलीस. सगळी गाणी तिच्यात आहेत म्हणालास, दुसरीकडे कुठे उतरवलेली नाहीत. मग तू मला विचारलंस, "ताई, तुम्हाला वाचता येत नाही ना?" मी म्हटलं, "नाही." तू म्हणालास, "मग बरं झालं." मुनहो, माझ्या बापाने मला शाळेत घातलं नाही. पाच मुलींनंतरची मी, नावच ठेवलं मालसुक, म्हणजे आता ही शेवटची, पुरे. अक्षर नाही म्हणून मला लोक हसलेत, फसवलंय, कुठे कुठे अंगठा उठवायला लावलाय. पण 'बरं झालं' असं पहिल्यांदा तूच म्हणालास. मला राग यायला हवा होता. उलट छाती फुगली. वाटलं, माझ्या अडाणीपणाचा कोणाला तरी उपयोग झाला.

पोलीस आले ते तिसऱ्याच दिवशी. खुर्च्यांच्या गाद्या फाडल्या, तांदळाच्या मडक्यात हात घातला, आरसा भिंतीवरून उतरवला. मला विचारलं, वही कुठे आहे, त्यात काय लिहिलंय. मी म्हटलं, साहेब, मला वाचता येत असतं तर मी लोकांची डोकी धुतली असती का? ते त्यांना पटलं. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबाने जाता जाता दाढीही करून घेतली. तुला मात्र त्यांनी तुझ्या खोलीवरून नेलं, आणि चार महिने आत ठेवलं.

तू सुटून आलास तो दिवस तुलाही आठवत असणार, पण तू बसला होतास दाराकडून आणि मी उभी होते आरशाकडून, म्हणून माझ्या बाजूचं सांगते. दोकबे सकाळपासून दुकानात येऊन बसला होता. "तो येतोय, मला जरा माणसासारखं करा," म्हणाला. मी त्याच्या उजव्या गालाची दाढी उरकली होती, डाव्या गालावर फेस होता, वस्तरा गळ्याशी होता, आणि तू आत आलास. तुरुंगातल्या डोक्यावर जेमतेम बोटभर केस. बसलास, पण कोणाशी 'कसे आहात' नाही, काही नाही. म्हणालास, "ताई, वही." मी म्हटलं, वही नाही रे. तू म्हणालास, "नाही म्हणजे?" आणि मी म्हटलं, "मागे दोकबे विचारायला आला होता."

एवढंच म्हटलं. खोटं नव्हतं ते. तो खरोखरच आला होता, वही नीट आहे ना म्हणून विचारायला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. मी फक्त कावळा दाखवला. फांदीचं तू ठरवलंस. तू त्याला म्हणालास, "पोलिसांना दिलीस, की तबकड्यांच्या कंपनीला विकलीस?" दोकबेने तुझ्याकडे पाहिलंच नाही. त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं. माझा वस्तरा अजून त्याच्या गळ्यावर होता. किती वेळ ते सांगता येत नाही, मला घड्याळही वाचता येत नाही. मग त्याने माझं मनगट दोन बोटांनी बाजूला केलं, उठला, तुला म्हणाला, "तुला जे वाटायचं ते वाटू दे," आणि अर्ध्या दाढीचा, एका गालावर फेस तसाच ठेवून, चढ उतरून गेला. लोक हसत होते. तू माझ्याकडे वळून म्हणालास, "बघा ताई, तोंड दाखवायला जागा नाही त्याला."

त्यानंतर तू काय काय केलंस ते मी दुकानातल्या रेडिओवर ऐकत गेले. चार वर्षं तुला गायची बंदी, तेव्हा तू बंदरावर मासळीच्या पेट्या वाहिल्यास असं कोणी म्हणे, कोणी म्हणे सासऱ्याकडे बसून खाल्लंस. बंदी उठली आणि तुझी पहिली तबकडी आली, केस पुन्हा खांद्यापर्यंत. तेव्हा सरकारचा नियम होता, प्रत्येक तबकडीच्या शेवटी एक सद्भावनेचं गाणं हवंच: देश, घाम, पहाट, शेजारधर्म. तू ती दात काढायला बसल्यासारखी गायचास. मला तीच आवडायची, कारण तेवढीच गाणी तू कोणाला टोचून न बोलता गायलास. मग दुसऱ्या तबकडीवर 'दोन काठ्या' आलं. 'माझ्या पाठीमागे बसून माझ्याच पाठीचा ताल धरणारा, दोन काठ्यांचा मित्र, एक काठी टाळीला, एक काठी सुरीला,' असे त्याचे बोल. त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला शेवटी सद्भावनेचं, 'शेजाऱ्याचा हात धरा'. एका बाजूला मित्राची कातडी सोलायची, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा हात धरायचा. तबकडी उलटायला वेळ तो किती लागतो.

आणि तुझं नशीब उघडलं. टॅक्सीत तेच, लग्नात तेच, कारखान्याच्या सहलीत तेच. पोरं मारामारी झाली की एकमेकांना 'दोन काठ्या' म्हणून चिडवायची. तू टीव्हीवर चामड्याचं जाकीट घालून पोटदुखीच्या गोळ्या विकल्यास. मग नव्या पोरांची नाचगाणी आली आणि तू जिल्ह्याजिल्ह्यांत लसणाच्या जत्रेत, जिनसेंगच्या जत्रेत गायला लागलास, तिथेही शेवटी तेच. आता कुठल्या तरुण पोरीने ते नव्याने गायलं म्हणे, आणि तू पुन्हा मोठा झालास. मुनहो, तुझ्या पन्नास वर्षांचं घर एका खांबावर उभं आहे, आणि तो खांब म्हणजे दोकबे चोर आहे. मला कधी कधी एक घाणेरडा संशय येतो. तू मला दुसऱ्यांदा कधीच का विचारलं नाहीस? एवढा शंकेखोर माणूस, स्वतःच्या बायकोच्या पर्सची झडती घेणारा. एकदा येऊन, "ताई, नीट सांगा, नक्की काय झालं," असं म्हणाला असतास तर मी त्या दिवशी बोलले असते. तू नाही आलास. गाणं हातात आलं होतं ना. आता खरं कशाला हवं होतं? खोटं असलं तर सोडून दे. खरं असलं तर आपण दोघं एकाच खुर्चीत बसलोय.

दोकबेने त्यानंतर काठ्या हातात धरल्या नाहीत. जेचॉनला जाऊन त्याने तांदळाच्या पिठाची नि तेलाची गिरणी टाकली. ते मला कळलं कारण चुसॉकच्या, सुगीच्या सणाला घरी एक पार्सल आलं. सोजू दारूच्या हिरव्या बाटलीत तिळाचं तेल, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. पत्र नाही, काही नाही. मी ती बाटली महिनाभर उघडली नाही. वाटलं, हा मला आठवण करून देतोय: मला माहीत आहे बरं का. पुढल्या वर्षी पुन्हा बाटली. त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा. त्रेचाळीस वर्षं. इतका चिकाटीचा धाक कोणी कोणाला घातला असेल असं मला वाटत नाही. ती पहिली बाटली महिन्याने उघडली आणि तेल पालेभाजीवर घातलं. चांगलं होतं. तरी पहिला घास मी नवऱ्याला खायला दिला होता.

आता मिओक, हात आवर, पेन थांबवू नकोस. मी सांगते ते लिही.

मुनहो, तुझी वही मी लपवली होती ती दुकानातल्या रद्दीत. मला वाटलं, माझ्यासारखी हुशार मीच. झाड लपवायचं तर रानात, वही लपवायची तर वह्यांत. निळ्या पुठ्ठ्याची खूण होती, ती पुरे होती मला. पोलिसांनी सगळं उलटंपालटं केलं आणि त्या गठ्ठ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढे कडक थंडी पडली. एका सकाळी कोळसा पेटेना म्हणून माझ्या नवऱ्याने सगळ्या वह्यांचे पुठ्ठे ओरबाडून शेगडीत घातले आणि नुसती पानं माझ्यासाठी रचून ठेवली. मला त्याचा पत्ता नाही. मी रोजच्यासारखे चौकोनी तुकडे केले, खिळ्याला टांगले, दाढ्या केल्या. तुझ्यासारख्याला गाणं आणि गणित लांबून वेगळं दिसतं. मला सगळ्या मुंग्याच. आठ-दहा दिवसांनी निळा पुठ्ठा शोधायला गेले तेव्हा नवरा म्हणाला, "पुठ्ठे? ते केव्हाच जळले." गठ्ठा निम्म्यावर आला होता. त्या पोलीस साहेबाने मधल्या काळात दोनदा दाढी करून घेतली होती. मला दाट संशय आहे, त्याच्या तोंडाचा फेस तुझ्याच गाण्याने पुसला.

इथपर्यंतची माझी चूक म्हण. पुढचं चूक नव्हे. उरलेल्या गठ्ठ्यात तुझी पानं असतीलच, निम्मी तरी असतील. कोणाला तरी वाचून दाखव म्हटलं असतं तर सापडली असती. पण कोणाला म्हणू? वाचणारा विचारेल, ही कोणाची, इथे कशी? नवऱ्याला कळेल की मी त्याला न सांगता पोलिसांच्या तोंडचा घास दुकानात दडवला होता. वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा आमच्या भिंतीवर टांगलेला असायचा, पण तो नेहमीच भिंतीवर असायचा असं नाही. ते तुम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या दंडाकडे बघून तुम्ही गप्प व्हायचात. म्हणून मी तो गठ्ठा तसाच वापरला. एकेक पान. प्रत्येक वेळी वाटायचं, हे असेल का, हे असेल का, आणि त्यावर फेस पुसायची. संपायला तीन आठवडे लागले. तुझी गाणी पोलिसांनी नेली नाहीत, कंपनीने नाहीत, दोकबेने नाहीत. मी पुसली. आणि ज्या दिवशी तू विचारलंस, त्या दिवशी कावळा दाखवला.

हे मी मरेपर्यंत बोलले नसते. लाज बाळगायची सवय झाली की ती हाडासारखी आत बसते, दुखत नाही. पण या चुसॉकला बाटलीबरोबर एक चपटं पाकीट आलं. आत प्लास्टिकमध्ये एक कागद, चार घड्यांचा, चौकोनी. एका बाजूला पिवळा, कडक झालेला साबणाचा डाग, आणि त्यात अडकलेला एक आखूड काळा केस. सोबत दोकबेच्या मुलीची चिठ्ठी. 'बाबांची डावी बाजू उन्हाळ्यात गेली, बोलणं थोडंच राहिलंय, उजवा हात चांगला आहे. कपाटातून हे काढायला लावलं आणि म्हणाले, न्हाव्याच्या दुकानातल्या ताईंना दे, त्यांचं आहे.' मिओकने तो कागद उलगडून वाचायला सुरुवात केली: 'जमिनीवर पडलेले केस कोणाचे, विचारू नका.' आणि पुढची ओळ तिच्याआधी माझ्याच तोंडातून बाहेर पडली: 'झाडू मारणाऱ्या बाईला ते सगळे सारखेच.' टॉवेलखालून तू ते महिनाभर गुणगुणत होतास. मिओक म्हणते, तारखेच्या जागी फक्त 'आह्यॉन' लिहिलंय. ते गाणं माझ्यावर होतं हे तू मला कधी सांगितलं नाहीस, चोरा.

म्हणजे तू आत असताना दोकबे दाढीला आला होता, मी त्याच्या छातीवर तो तुकडा ठेवला होता, आणि त्याला तुझं अक्षर दिसलं होतं. त्याने तो फेसासकट खिशात घातला. मला वाटलं, खाली पडला. म्हणजे तू सुटून आलास तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. कागद त्याच्या खिशात होता. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. पण नवरा शेजारच्या खुर्चीशी कात्री घेऊन उभा होता, आणि पट्टा भिंतीवर होता, आणि दोकबेने आरशात माझ्याकडे पाहिलं होतं. मी आयुष्यभर प्रत्येकावर संशय घेतला: तुझ्यावर, टपालावर, या मिओकवर, तिळाच्या तेलावरसुद्धा. फक्त त्या नजरेबद्दल मी कधी काही संशय येऊ दिला नाही. आला असता तर त्याच्या गळ्यावरचा माझा हात स्थिर राहिला नसता. आता एकोणऐंशीव्या वर्षी येऊ देते. काय तो, ते लिहू नकोस मिओक, त्याला कळेल.

तर हे पत्र त्यासाठी. तो कागद आत ठेवला आहे. साबणाचा डाग धुवायला जाऊ नकोस, तेवढाच पुरावा आहे. शनिवारी 'दोन काठ्या' म्हणायचं तर म्हण, पण चोराचं नाव नीट सांग. ते मालसुक आहे, आणि तिला भर सभागृहात उभं केलंस तरी ती उभी राहील. त्यासाठी पहिली रांग दिली असशील तर हरकत नाही. दोन तिकिटांतलं माझं मी जेचॉनला पाठवलं आहे, मी मागे कुठेतरी बसेन. मिओक गाडी घेऊन शनिवारी सकाळी त्याला आणायला जाईल, आणि त्याचा उजवा हात चांगला आहे, हे मी तुला एकदा सांगितलंय, पुन्हा सांगते. आधी तो इथे, आमच्या घरी येईल. मी वस्तरा धार लावून ठेवला आहे. त्याचा डावा गाल राहिला आहे.

तुझीच,
मालसुक ताई